जिमी रशिंग यांचे उतारवयातील गाणे

श्रोतेहो, गवयाचे वय झाले, वरची पट्टी गेली, दम पुरेनासा झाला, की आपण म्हणतो, ‘संपले याचे गाणे!’ असे म्हणण्याआधी अमेरिकेतील जिमी रशिंग या कृष्णवर्णीय गवयाची हकीकत ऐका.

विसाव्या शतकाच्या आरंभीचा त्यांचा जन्म, गाव ओक्लाहोमा सिटी. वडील ट्रम्पेट वाजवीत, आई चर्चमध्ये गाई. ध्वनिक्षेपकावाचून गाण्याचा तो काळ. नाचघरात गाणाऱ्या रशिंग यांचा आवाज रात्री दूरच्या घरांपर्यंत ऐकू येई, अशी आठवण त्याच गावचे कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी लिहून ठेवली आहे. १९३५ साली रशिंग कॅन्सस सिटीत काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात आले आणि ब्लूज गाणारे म्हणून देशभर गाजले.

आता ब्लूज म्हणजे काय, ते पाहू. दक्षिणेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांमधून हे गाणे वर आले. चार-चार मात्रांची बारा आवर्तने. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचे. गंधार-निषाद किंचित उतरवून घ्यायचे; ती उतरण हाच ब्लूजचा प्राण.

त्याच दशकात जॅझचे ‘स्विंग’ पर्व भरात आले. त्यातली पुष्कळ लोकप्रिय गाणी मात्र निराळ्या घरची. नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी व्यावसायिक रचनाकारांनी बांधलेली, बहुधा बत्तीस आवर्तनांची प्रेमगीते! रशिंग तीही गात. १९३७ साली बेसींबरोबर त्यांनी ‘पेनीज फ्रॉम हेवन’ हे चित्रपटगीत ध्वनिमुद्रित केले. पण लोकांनी ‘ब्लूजवाला’ असा शिक्का मारला, तो मारलाच.

पुढे १९७१ साली, वय सत्तरीच्या घरात असताना, त्यांनी ‘द यू अँड मी दॅट यूज्ड टू बी’ ही तबकडी केली. तीत बहुतेक जुनी प्रेमगीतेच आहेत. साथीला रे नान्स, झूट सिम्स, अल कोन यांच्यासारखे जाणते वादक होते. त्यातले ‘व्हेन आय ग्रो टू ओल्ड टू ड्रीम’ हे गाणे घ्या. १९३५ च्या सुमारास ते एका चित्रपटासाठी झाले होते. स्वप्ने पाहण्याचे वय सरले तरी आठवण उरेल, असा त्याचा भाव. तरुण गायकाच्या तोंडी ते पुढचे वचन असते. रशिंग गातात तेव्हा ते वय येऊन ठेपलेले असते, बरे का! आवाज खरखरीत झालेला, सूर पूर्वीसारखा लांबत नाही. मग ते शब्द तोडतात, लयीच्या जरा मागे राहतात, बोलल्यासारखे गातात. जन्मभर अंगी मुरलेला ब्लूज तिथे कामी येतो. नुसते गोड वाटणारे गाणे खरे वाटू लागते.

जून १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे रशिंग वारले.

शिक्षकबंधुभगिनींनो, मिळाल्यास ही दोन्ही ध्वनिमुद्रणे, १९३७ चे आधी आणि १९७१ चे मागून, मुलांना ऐकवा. आवाजातून काय गेले, ते मुले लगेच सांगतील. गाण्यात काय आले, तेही विचारा. आणि उत्तराला थोडा वेळ द्या.