वसंत सराव आणि मायनर लीग : अमेरिकी बेसबॉलच्या तळाच्या पायऱ्या

फेब्रुवारीच्या मध्यास अमेरिकेची उत्तरेकडील शहरे अद्याप बर्फाखाली असतात, तेव्हा मेजर लीग बेसबॉलचे तीसही संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोना या दोन उबदार राज्यांत मुक्कामाला येतात. सुमारे सहा आठवडे चालणाऱ्या या शिबिराला 'स्प्रिंग ट्रेनिंग' म्हणजे वसंत सराव असे म्हणतात. मार्चअखेरीस प्रत्येक संघाच्या १६२ सामन्यांचा मुख्य हंगाम सुरू होतो. सरावातील सामन्यांचे निकाल त्या हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. तरीही या काळातील बारीकसारीक बातम्या हजारो लोक रोज वाचतात, रजा काढून मैदाने पाहायला जातात आणि एप्रिल उजाडताच लहान गावांतील मायनर लीगच्या मैदानांकडे वळतात. या खेळात कोण वर चढणार, कोण मागे राहणार आणि कोणत्या गावात संघ टिकणार, हे प्रश्न याच खालच्या पायऱ्यांवर सुटत असतात.

दोन राज्ये, दोन लीग

तीस संघांची विभागणी सरळ आहे. पंधरा संघ फ्लोरिडात सराव करतात. त्यांच्या गटाला 'ग्रेपफ्रूट लीग' म्हणतात. उरलेले पंधरा ॲरिझोनात असतात. त्यांची 'कॅक्टस लीग'. पहिल्याचे नाव तेथील आंबटगोड फळावरून, तर दुसऱ्याचे वाळवंटातील निवडुंगावरून पडले.

ग्रेपफ्रूट या नावामागे एक आख्यायिका सांगितली जाते. १९१५ मध्ये डेटोना बीच येथे ब्रुकलिन संघाचे व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन यांनी विमानातून टाकलेला चेंडू झेलण्याचे ठरवले. वैमानिक रूथ लॉ यांच्या विमानातून चेंडूऐवजी ग्रेपफ्रूट खाली आले आणि ते फुटून अंगभर रस उडाला. हे आपलेच रक्त, असे रॉबिन्सन यांना क्षणभर वाटले.

ॲरिझोनातील परंपरा त्यामानाने अलीकडची. १९४७ मध्ये क्लीव्हलँडचा संघ टूसॉन येथे आणि न्यू यॉर्क जायंट्सचा संघ फिनिक्स येथे सरावासाठी उतरला, तेथून कॅक्टस लीगचा आरंभ मानला जातो. आज तेथील दहाही मैदाने फिनिक्स महानगराच्या परिसरात आहेत. त्यामुळे दुपारी एक आणि सायंकाळी दुसरा असे दोन सामने एकाच दिवशी पाहता येतात. २०११ मध्ये सुरू झालेले सॉल्ट रिव्हर फील्ड्स हे मैदान सॉल्ट रिव्हर पिमा-मॅरिकोपा या मूलनिवासी समाजाच्या भूमीवर उभे आहे. मूलनिवासींच्या भूमीवरील मेजर लीगचे ते पहिले सराव केंद्र. फ्लोरिडात मात्र अंतरे मोठी आहेत. मैदाने दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेली असल्याने प्रवासाची आखणी आधीपासून करावी लागते.

वर्णभेदाची सावली

वसंत सरावाचा इतिहास नुसता ऊन आणि सुट्टीचा नाही. १९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सच्या माँट्रियल येथील मायनर लीग संघाबरोबर फ्लोरिडात आला. वर्णभेदाचे कायदे तेव्हा लागू होते. सॅनफर्ड या गावातून त्याला निघून जावे लागले. जॅक्सनव्हिलमध्ये मैदानालाच कुलूप घातले गेले. डेटोना बीचने मात्र त्याला खेळू दिले आणि १७ मार्च १९४६ रोजी तेथील सिटी आयलंड मैदानावर तो उतरला. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १९४७ रोजी, त्याने मेजर लीगमध्ये पाऊल ठेवले. डेटोनाचे ते मैदान आज जॅकी रॉबिन्सन बॉलपार्क या नावाने ओळखले जाते आणि तेथे डेटोना टॉर्टुगाज हा मायनर लीग संघ खेळतो.

१९४८ पासून डॉजर्स संघाने फ्लोरिडातील व्हेरो बीच येथे नौदलाच्या जुन्या विमानतळावर स्वतःची वसाहत उभारली. गावात भेदभाव कायम होता; पण वसाहतीच्या आवारात कृष्णवर्णीय आणि गोरे खेळाडू एकत्र राहू, जेवू आणि खेळू शकत होते. 'डॉजरटाउन' नावाची ही वसाहत सहा दशके गाजली. २००९ मध्ये संघ ॲरिझोनातील ग्लेंडेल येथे गेला आणि व्हेरो बीचचा मार्च महिना ओस पडला.

सरावाच्या बातम्या कशा वाचाव्यात

शिबिरात प्रथम पिचर आणि कॅचर दाखल होतात, कारण चेंडू फेकणाऱ्याचा दंड हळूहळू तयार करावा लागतो. बाकीचे खेळाडू काही दिवसांनी येतात. सामने सुरू झाल्यावर नामवंत खेळाडू दोन-तीन डाव खेळून तंबूत परततात आणि ऐंशी-नव्वदीचे क्रमांक पाठीवर असलेले अनोळखी तरुण मैदानात येतात. कित्येकदा संघाचे दोन भाग करून एकाच दिवशी दोन ठिकाणी सामने खेळवले जातात. एखादा पिचर नवा चेंडू घोटून पाहत असतो, त्याला धावा वाचवण्याची घाई नसते. म्हणून मार्चमधील सरासरी पाहून भाकीत करणे धोक्याचे असते.

बातम्यांत काही संज्ञा वारंवार येतात. मेजर लीगच्या संघाकडे चाळीस खेळाडूंची यादी असते. त्यांपैकी सव्वीस जण प्रत्यक्ष संघात असतात. 'नॉन-रोस्टर इन्व्हायटी' म्हणजे चाळिसांत नसलेला, पण शिबिराला बोलावलेला खेळाडू. त्यांत होतकरू तरुण असतात, तसेच अखेरची संधी शोधणारे अनुभवी खेळाडूही. 'ऑप्शन' म्हणजे चाळिसांतील खेळाडूला यादीतून न काढता खालच्या संघात पाठवण्याचा अधिकार. तो सर्वसाधारणपणे तीन हंगामांपुरता असतो. 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट' ही बातमी मात्र गंभीर समजावी. त्या खेळाडूचे नाव चाळिसांतून निघालेले असते आणि त्याला दुसऱ्या संघाला द्यायचे, मोकळे करायचे की खाली पाठवायचे, हे संघाला काही दिवसांत ठरवावे लागते. ज्याने महिनाभर जिवाचे रान केले, त्याचे नशीब वृत्तपत्रातील अशा एका ओळीत मावते.

शिडीच्या चार पायऱ्या

पर्वरीच्या मैदानावर रणजी सामना पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला मायनर लीग चटकन समजेल, पण एक भेद लक्षात ठेवावा लागेल. रणजीचा संघ राज्याचा असतो. मायनर लीगमधील खेळाडू गावाचा नसून मेजर लीगमधील मूळ संघाचा असतो. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे वेतन मूळ संघ पाहतो. तिकिटे, खाद्यपदार्थ, जाहिराती आणि करमणूक ही स्थानिक मालकाची बाजू. सर्वोत्तम फलंदाज हंगामाच्या मध्यावर वर बोलावला गेला, तर गावाला त्याचे कौतुकही करावे लागते आणि त्याच्यावाचून खेळावेही लागते.

सेंट लुईस कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ही व्यवस्था रूढ केली. पुढे जॅकी रॉबिन्सनला डॉजर्समध्ये आणणारेही तेच. आज ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर तीस याप्रमाणे एकूण १२० संघ होतात. त्याखाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक येथे नवशिक्यांच्या स्पर्धा चालतात.

मोठे नाव असले तरी पायऱ्या चुकत नाहीत. बास्केटबॉलचा सम्राट मायकल जॉर्डन १९९४ मध्ये बेसबॉलकडे वळला, तेव्हा बर्मिंगहॅम बॅरन्स या डबल-ए संघाकडून १२७ सामन्यांत त्याची सरासरी ०.२०२ राहिली. मेजर लीगचे दार त्याच्यासाठी उघडले नाही.

खेळाचे नवे नियमही प्रथम येथेच तपासले जातात. चेंडू ठरावीक सेकंदांत टाकण्याचे बंधन घालणारे घड्याळ मायनर लीगमध्ये पारखून २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये आले आणि सामन्यांचा सरासरी वेळ वीस मिनिटांहून अधिक घटला.

मैदाने आणि त्यांचा स्वभाव

मायनर लीगचे मैदान लहान असते आणि प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी जवळ बसतो. संघांची नावेही खेळकर असतात. अलाबामात 'ट्रॅश पांडाज' म्हणजे कचरा धुंडाळणारे रॅकून, जॅक्सनव्हिलमध्ये 'जंबो श्रिम्प' म्हणजे मोठी कोळंबी, तर माँटगोमेरीत चक्क 'बिस्किट्स'. मात्र गावांचे प्रेम थट्टेवारी नेण्याजोगे नसते. ओहायोतील डेटन ड्रॅगन्स संघाच्या मैदानावर २००० पासून प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली असून, ही मालिका दीड हजार सामन्यांच्या पुढे गेली आहे.

उत्तर कॅरोलिनातील डरहॅम बुल्स हा सर्वांत ख्यातनाम संघ. १९८८ च्या 'बुल डरहॅम' या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचवला. मैदानावरील लाकडी बैलाला चेंडू लागला तर फलंदाजाला मांसाचे जेवण, बैलाखालच्या गवताला लागला तर कोशिंबीर, अशी तेथे जाहीर पैज असते. अलाबामातील बर्मिंगहॅमचे रिकवुड फील्ड हे १९१० मध्ये बांधलेले, देशातील सर्वांत जुने व्यावसायिक बेसबॉल मैदान. विली मेज येथेच ब्लॅक बॅरन्स संघातून खेळला. जून २०२४ मध्ये त्याच्या सन्मानार्थ तेथे मेजर लीगचा सामना ठरला होता, आणि सामन्याच्या दोनच दिवस आधी मेज निवर्तला.

रोड आयलंडमधील पॉटकेटच्या मॅकॉय स्टेडियमची कथा आणखी निराळी. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री पॉटकेट आणि रॉचेस्टर यांचा सामना सुरू झाला, तो पहाटे चार वाजून सात मिनिटांनी ३२ डावांनंतर थांबवावा लागला. तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला खेळ पुन्हा सुरू झाला आणि ३३ व्या डावात पॉटकेटने ३-२ असा विजय मिळवला. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वांत दीर्घ सामना. त्यात खेळलेले कॅल रिपकेन आणि वेड बॉग्ज पुढे मेजर लीगचे तारे झाले. पण इतिहासाने मैदान वाचले नाही. २०२१ मध्ये संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे गेला आणि मॅकॉयच्या जागी शाळा बांधण्याचा निर्णय झाला.

चाळीस गावांचा उन्हाळा

१९४९ मध्ये मायनर लीग भरात होती. ५९ लीग आणि सुमारे चार कोटी प्रेक्षक अशी तेव्हाची नोंद आहे. त्यानंतर दूरचित्रवाणी घरात आली आणि लोक संध्याकाळी घरीच थांबू लागले. तरी १६० संघ २०१९ पर्यंत तग धरून होते. महासाथीमुळे २०२० चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्याच वर्षी मेजर लीगशी असलेला जुना करार संपला आणि २०२१ पासून १२० संघच ठेवण्यात आले. चाळीस ठिकाणांचा मेजर लीगशी असलेला संबंध तुटला. न्यू यॉर्क-पेन लीग विसर्जित झाली, ॲपलाचियन लीग महाविद्यालयीन खेळाडूंसाठी उरली, तर पायोनियर लीगने स्वतंत्र वाट धरली. कमी संघ, चांगली मैदाने आणि कमी प्रवास हा मेजर लीगचा युक्तिवाद होता. ज्या गावात उन्हाळ्यातील संध्याकाळी एकत्र जमण्याची तेवढी एकच जागा होती, तेथे हा हिशेब वेगळा लागला.

खेळाडूंची स्थितीही अनेक वर्षे हलाखीची होती. मायनर लीगच्या खेळाडूंना हंगामात तुटपुंजे वेतन मिळे आणि वसंत सरावात ते मुळीच मिळत नसे. २०१४ मध्ये ॲरन सेनी या माजी खेळाडूच्या नावाने दाखल झालेला दावा २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्याच वर्षी खेळाडूंची संघटना झाली आणि २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ११,००० डॉलरवरून २६,२०० डॉलरवर आणि ट्रिपल-ए खेळाडूचे १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेले. त्याच वर्षी मेजर लीगमधील किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. वरची पायरी गाठणे म्हणजे काय, हे या दोन आकड्यांतील अंतरावरून कळते.

भारतीय पावले

या शिडीवर दोन भारतीयांचीही पावले उमटली आहेत. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडले गेले. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. पुढच्या वर्षी फ्लोरिडातील ब्रेडंटन येथे ते नवशिक्यांच्या स्पर्धेत खेळले. पटेल लवकरच मायदेशी परतला. रिंकू सिंग सिंगल-एपर्यंत पोहोचला. पुढे दुखापतींनी त्याची वाटचाल खुंटली.

भेट देणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या वा तेथे आप्तांकडे जाणाऱ्या मराठी माणसांना ही मैदाने पाहण्याची संधी सहज मिळू शकते. सराव सामने फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत होतात. फोर्ट मायर्स येथील जेटब्लू पार्क हे बॉस्टनच्या फेनवे पार्कची मापे आणि उंच हिरवी भिंत यांसह बांधलेले असल्याने आवर्जून पाहण्याजोगे आहे. अनेक केंद्रांवर सकाळी बाजूच्या मैदानांवरील सराव जवळून पाहता येतो. मायनर लीगचा हंगाम मार्चअखेर वा एप्रिलच्या आरंभी सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालतो. बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार अशा सहा सामन्यांच्या असतात आणि सोमवारी सहसा सुट्टी असते. फ्लोरिडातील बहुतेक सराव मैदानांवर एप्रिलपासून सिंगल-ए संघ खेळू लागतात. मार्चमध्ये ज्याचे नाव यादीतून वगळल्याची ओळ वाचली, तोच खेळाडू तेथे काही हातांच्या अंतरावर पुन्हा पहिल्या पायरीवरून चढताना दिसू शकतो.