शेंगदाणा, ठसका आणि श्वासनलिकेची दुर्बीण

शेंगदाणे खाता खाता मुलाला जोराचा ठसका लागतो, चेहरा लालबुंद होतो. थोड्या वेळात खोकला थांबतो आणि मूल पुन्हा खेळू लागते. घरचे म्हणतात, "गेला वाटतं खाली." पण दाणा पोटात गेला की श्वासनलिकेत?

पूर्वी हे आत डोकावून पाहण्याची सोय नव्हती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. १८९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे डॉ. गुस्ताव्ह किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ नळीतून बाहेर काढला. ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवात ती हीच.

पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉ. शेव्हलियर जॅक्सन यांनी हे तंत्र मुलांसाठी सुरक्षित केले. रुग्णांच्या श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून काढलेल्या टाचण्या, बटणे, नाणी, बिया ते नोंदींसह जपून ठेवत. अशा दोन हजारांहून अधिक वस्तू तिथल्या म्युटर म्युझियममध्ये आजही पाहायला मिळतात.

जॅक्सन यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: पहिल्या ठसक्यानंतर लक्षणे शांत होतात, आणि इथेच सगळे फसतात. काही दिवसांनी खोकला, ताप, छातीत सूं-सूं सुरू होते. मग दमा किंवा न्यूमोनिया समजून औषधे चालू राहतात.

"एक्स-रे तर नॉर्मल आहे" असे तुम्हाला सांगितले जाईल. नाणे एक्स-रेमध्ये दिसते, शेंगदाणा दिसत नाही. म्हणून डॉक्टर दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का ते ऐकतात आणि एका बाजूचे फुप्फुस जास्त फुगलेले आहे का ते पाहतात. तरीही सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तुम्ही सांगितलेली हकीकत. ती ठाम असेल, तर एक्स-रे नॉर्मल असूनही भूल देऊन दुर्बिणीने तपासणी करावी लागू शकते.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ठसका कधी लागला आणि तेव्हा तोंडात काय होते, हे न विचारताही सांगा. तीन आठवडे उलटले असले तरी सांगा. मुलाला रडता-बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर ती आणीबाणी आहे. क्षणभरही थांबू नका. आणि चार वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. कूट करून द्या.