गेम डिझाईनच्या वर्गात नक्की काय शिकवतात?

"दादा, मला गेमिंगची खूप आवड आहे, गेम डिझाईनला ॲडमिशन घेऊ का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर देण्याआधी हे शिक्षण नेमकं काय असतं ते समजून घेऊया.

गेम डिझाईन म्हणजे काय?
कोड प्रोग्रामर लिहितो, चित्रं आर्टिस्ट काढतो. डिझायनर नियम ठरवतो आणि त्या नियमांमुळे खेळणाऱ्याला मजा येते की कंटाळा, हे तपासतो.

सुरुवात कागदावर
सापशिडी आठवा. त्यात तुम्ही एकही निर्णय घेत नाही, सगळं फाशावर चालतं. आता एकच नियम बदला: दोन फासे टाका आणि त्यातला कोणताही एक निवडा. लगेच डोकं चालवावं लागतं! वर्गात असेच छोटे प्रयोग कागद, पुठ्ठा आणि सोंगट्या घेऊन करतात. कारण कागदावरची चूक पाच मिनिटांत सुधारता येते, कोडमधली सुधारायला आठवडा जातो.

प्लेटेस्टिंग
तुमचा गेम दुसरा खेळतो आणि तुम्ही फक्त बघायचं. मी केलेला पत्त्यांचा खेळ मित्रांना दिला, तेव्हा दर मिनिटाला नियम समजावत होतो. मग लक्षात आलं, मोबाईलवर गेम डाउनलोड करणाऱ्याच्या शेजारी मी बसलेला नसणार! गप्प बसून बघणं हाच सर्वात अवघड धडा.

याचा उपयोग होतो का?
अमेरिकेतील डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा छोटा गेम बनवला. व्हॉल्व्ह कंपनीने त्या टीमला नोकरी दिली आणि त्याच कल्पनेतून २००७ मध्ये प्रसिद्ध 'पोर्टल' आला. भारतात एनआयडीच्या बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाईनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

फी भरण्याआधी हे विचारा
१. आधीच्या विद्यार्थ्यांचे पूर्ण झालेले गेम खेळायला मिळतील का?
२. प्रोग्रामर आणि आर्टिस्टसोबत टीममध्ये प्रोजेक्ट असतात का?
३. अनोळखी लोकांकडून प्लेटेस्टिंग करून घेतात का?

उत्तरं गोलमोल मिळाली तर थांबा. फीचे लाखो रुपये आई-बाबांच्या घामाचे असतात. त्याआधी आज रात्री सापशिडीचा एक नियम बदलून घरच्यांना खेळायला द्या. त्यांचे चेहरे बघण्यात गेम खेळण्यापेक्षा जास्त मजा आली, तर हे क्षेत्र तुमचं आहे.