क्रीडापरिषदांची पुनर्रचना, अमेरिकन विद्यापीठीय

क्रीडापरिषदांची पुनर्रचना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठे आपापसांत नियमित सामने खेळण्यासाठी जे गट स्थापन करतात, त्यांस ‘कॉन्फरन्स’ म्हणजे क्रीडापरिषद म्हणतात. सामन्यांचे वेळापत्रक, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम आणि उत्पन्नाची वाटणी या बाबी परिषदेचे सदस्य एकत्रितपणे ठरवितात. एखादे विद्यापीठ एक परिषद सोडून दुसरीत जाते व त्यामुळे इतर परिषदांचीही फेरजुळणी होते, या प्रक्रियेस परिषदांची पुनर्रचना अशी संज्ञा आहे. शेजार व शैक्षणिक बरोबरी हा या गटांचा मूळ पाया होता. १९८४ नंतर दूरचित्रवाणीपासून मिळणारे उत्पन्न हे पुनर्रचनेचे प्रमुख कारण बनले. या वाटाघाटी गुप्तपणे चालत असल्याने प्रत्येक स्थित्यंतरापूर्वी अफवा पसरतात आणि पुष्कळदा त्या अफवांमुळेच स्थित्यंतरास गती मिळते.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचा पैशाशी संबंध प्रारंभापासूनचा आहे. हार्व्हर्ड व येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत ही तेथील पहिली आंतरविद्यापीठीय स्पर्धा मानली जाते. न्यू हँपशर राज्यातील विनिपसॉकी सरोवरावर ती झाली आणि प्रवासी मिळविण्याच्या हेतूने एका रेल्वे कंपनीने तिचा खर्च उचलला. पुढे अमेरिकन फुटबॉल लोकप्रिय झाल्यावर धंदेवाईक खेळाडू, मारामारी व गैरप्रकार वाढले. त्यांना आळा घालण्यासाठी १८९५ मध्ये मध्यपश्चिम भागातील सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागो येथे जमले. तेथे झालेल्या विचारविनिमयातून १८९६ मध्ये जी परिषद उभी राहिली, ती पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९०६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली व १९१० पासून ती ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ (यापुढे ‘राष्ट्रीय संघटना’) या नावाने ओळखली जाऊ लागली. पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठांनी १९१५ मध्ये आपली परिषद काढली.

या काळातही परिषदा फुटत असत. मात्र त्यामागे बहुधा सदस्यसंख्या व प्रवासाच्या अडचणी असत. १९२१ मध्ये स्थापन झालेली सदर्न परिषद इतकी विस्तारली, की तिच्यातून १९३२ मध्ये तेरा विद्यापीठांनी बाहेर पडून साउथईस्टर्न परिषद, तर १९५३ मध्ये सात विद्यापीठांनी अटलांटिक कोस्ट परिषद स्थापन केली.

दूरचित्रवाणी व १९८४ चा निर्णय : घरबसल्या सामने दिसू लागल्यास मैदाने ओस पडतील, या भीतीने राष्ट्रीय संघटनेने १९५० नंतरच्या काळात फुटबॉलच्या प्रक्षेपणावर कडक निर्बंध घातले. किती सामने दाखवावयाचे व एकेका विद्यापीठाचे किती, हे तीच ठरवीत असे. मोठ्या विद्यापीठांना हे बंधन जाचक वाटू लागले. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांनी भरलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हे निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरविले. त्यामुळे प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचा मार्ग विद्यापीठांना व परिषदांना मोकळा झाला. नोत्रदाम विद्यापीठाने एनबीसी कंपनीशी स्वतंत्र करार केला व १९९१ पासून तो अंमलात आला.

बारा सदस्य असलेल्या परिषदेस दोन विभाग पाडून अंतिम सामना घेण्याची मुभा राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत होती. साउथईस्टर्न परिषदेने आर्कान्सॉ व साउथ कॅरोलायना यांना सामावून घेतले आणि १९९२ मध्ये असा पहिला सामना भरविला. त्याच्या यशामुळे इतर परिषदाही सदस्य शोधू लागल्या. आर्कान्सॉ बाहेर पडल्याने दुबळी झालेली साउथवेस्ट परिषद १९९६ मध्ये संपुष्टात आली. तिच्यातील टेक्ससची चार विद्यापीठे ‘बिग एट’ परिषदेच्या आठ सदस्यांसह ‘बिग ट्वेल्व्ह’ मध्ये गेली. उरलेल्या चौघांना दुय्यम परिषदांचा आश्रय घ्यावा लागला.

गुप्तता व अफवा : परिषद सोडणाऱ्या विद्यापीठास निर्गमनशुल्क द्यावे लागते. मेरिलंड विद्यापीठाने बिग टेनमध्ये जाण्याचे ठरविले, तेव्हा अटलांटिक कोस्ट परिषदेने ५ कोटी डॉलरांहून अधिक शुल्क मागितले, ३.१४ कोटी डॉलरांवर तडजोड झाली (२०१४). याखेरीज अनेक परिषदांचे सदस्य आपले प्रक्षेपणहक्क ठराविक मुदतीपर्यंत परिषदेच्या स्वाधीन करतात. करारभंगास चिथावणी दिल्याचा आरोप येऊ नये, म्हणून परिषदा उघडपणे कोणास बोलावीत नाहीत. मध्यस्थांमार्फत अंदाज घेतला जातो व सारे जुळल्यानंतरच विद्यापीठ औपचारिक अर्ज करते. तोपर्यंत सर्व संबंधित नकार देत राहतात. अशा स्थितीत वार्ताहर, माजी विद्यार्थी व क्रीडाप्रेमी निनावी सूत्रांवर विसंबतात. बातमी खोटी ठरली, तरी तिचा परिणाम होतोच. कारण मागे राहण्याची भीती प्रत्येक सदस्यास असते.

२०१० मधील घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. बिग ट्वेल्व्हमधील सहा विद्यापीठे पॅसिफिक परिषदेत जाणार, अशी वार्ता त्या वर्षी पसरली. ती योजना फसली; पण त्याच दिवसांत कोलोरॅडो व नेब्रॅस्का यांनी बिग ट्वेल्व्ह सोडण्याचे जाहीर केले. टेक्सस विद्यापीठ राहिले व २०११ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. या वाहिनीमुळे असंतोष वाढला आणि टेक्सस ए अँड एम व मिसुरी २०१२ मध्ये साउथईस्टर्न परिषदेत गेली. उलट, काही वार्ता अक्षरशः खऱ्या ठरतात. टेक्सस व ओक्लाहोमा साउथईस्टर्न परिषदेच्या संपर्कात असल्याचे वृत्त ह्यूस्टन क्रॉनिकल या दैनिकाने २१ जुलै २०२१ रोजी दिले. दहा दिवसांच्या आत त्यांचा प्रवेश निश्चित झाला. मुदतीपूर्वी एक वर्ष बाहेर पडण्यासाठी दोघांनी मिळून १० कोटी डॉलरांची भरपाई मान्य केली व २०२४ मध्ये ती नव्या परिषदेत दाखल झाली.

पॅसिफिक परिषदेचा ऱ्हास : या पुनर्रचनेचा सर्वांत मोठा आघात पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषदेवर (पॅक-ट्वेल्व्ह) झाला. लॉस अँजेल्समधील सदर्न कॅलिफोर्निया व यूसीएलए या विद्यापीठांनी ३० जून २०२२ रोजी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच महिन्यांत बिग टेनने तीन कंपन्यांशी सात वर्षांचे, एकूण ७०० कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे करार केले. उर्वरित दहा सदस्यांना मात्र वर्षभर समाधानकारक करार मिळाला नाही. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बाहेर पडले. शेवटी ॲपल कंपनीचा जो प्रस्ताव आला, त्यातील उत्पन्न बव्हंशी वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होते. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ऑरेगन व वॉशिंग्टन यांनी बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व यूटा यांनी बिग ट्वेल्व्हमध्ये जाण्याचा निर्णय घेतला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया (बर्कली) यांनी खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या अटलांटिक कोस्ट परिषदेत प्रवेश मिळविला. मागे उरली ती ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोन विद्यापीठे. न्यायालयीन लढ्यानंतर परिषदेचा कारभार त्यांच्या हाती आला. त्यांनी काही काळ दोघांचीच परिषद चालविली आणि २०२४ पासून नवे सदस्य मिळवून तिची पुनर्बांधणी हाती घेतली.

परिणाम : फुटबॉलच्या उत्पन्नासाठी झालेल्या या निर्णयांचा भार जलतरण, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल इ. खेळांतील विद्यार्थ्यांवरही पडतो. लॉस अँजेल्स व न्यू जर्सी येथील विद्यापीठे आता एकाच परिषदेत असून त्यांच्यातील अंतर सु. ४,००० किमी. आहे. एकाच राज्यातील जुन्या लढतीही खंडित झाल्या. टेक्सस व टेक्सस ए अँड एम यांच्यातील वार्षिक सामना २०११ नंतर बंद पडला, तो दोन्ही विद्यापीठे पुन्हा एका परिषदेत आल्यावर २०२४ मध्ये सुरू झाला. यूसीएलएच्या प्रस्थानाने भगिनी संस्था असलेल्या बर्कलीचे नुकसान झाल्याने, त्यांच्या सामाईक नियामक मंडळाने यूसीएलएवर बर्कलीला वार्षिक भरपाई देण्याचे बंधन घातले. परिषदांतर्गत समानताही ढळली आहे : फ्लॉरिडा स्टेट व क्लेम्सन यांनी अटलांटिक कोस्ट परिषदेविरुद्ध लावलेले दावे २०२५ मध्ये मिटले, तेव्हा उत्पन्नाचा काही भाग प्रेक्षकसंख्येनुसार वाटण्याचे ठरले.

ज्यांच्या खेळावर हे उत्पन्न उभे होते, त्या खेळाडूंना दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे वाटा नव्हता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार पूर्वीच्या खेळाडूंना सु. २८० कोटी डॉलर भरपाई देण्याचे ठरले आणि विद्यापीठांना २०२५-२६ पासून वर्षाला सु. २ कोटी ५ लक्ष डॉलरांपर्यंतची रक्कम खेळाडूंस देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे प्रत्येक विद्यापीठाची पैशाची गरज वाढली असून, अधिक उत्पन्नाच्या परिषदेकडे जाण्याची ओढही कायम आहे. धंदेवाईकपणास आवर घालण्यासाठी विद्यापीठांच्या अध्यक्षांनी १८९५ मध्ये जी संस्था कल्पिली, तीच सव्वाशे वर्षांनंतर या व्यवसायाची प्रमुख वाहक बनली. निर्णयावरील अंतिम स्वाक्षरी मात्र आजही अध्यक्षांचीच असते.