पंधरा मिनिटांची भेट

दारू सुटण्याच्या इतिहासात डॉक्टर, धर्मोपदेशक आणि कायदे यांना भरपूर जागा मिळते. पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरलं, ही गोष्ट मात्र कोपऱ्यात राहते. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एप्रिल १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एका गुत्त्यात 'वॉशिंग्टोनियन' संघटना स्थापली. तिच्या सभांत प्रवचन नसे. दारूपायी ज्याचं घर बुडालं तोच उभा राहून आपली कहाणी सांगे. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी अब्राहम लिंकन यांनी त्यांच्यापुढे भाषण करून या पद्धतीचं कौतुक केलं. पण दारूबंदीचं राजकारण आणि आपसातले वाद शिरले, आणि काही वर्षांतच ही चळवळ विरली.

पुढचा टप्पा जवळजवळ शतकाने आला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेल्या बिल विल्सनची दारू डिसेंबर १९३४ मध्ये सुटली. मग पाच महिने तो इतर पिणाऱ्यांना उपदेश करत फिरला. एकाचीही सुटली नाही. त्याची स्वतःची मात्र सुटलेली राहिली.

मे १९३५ मध्ये तो कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा होता. एकीकडे बारमधला गलका, दुसरीकडे टेलिफोन. त्याने स्थानिक चर्चना फोन लावायला सुरुवात केली. त्याला उपदेशक नको होता, एखादा दारुडा हवा होता. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. १२ मे रोजी स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले. दोघं बोलत बसले ते रात्री अकरा वाजून गेले तरी. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही मदत एकाच दिशेने जाते असं धरून चालतो: ज्याला येतं तो सांगतो, दुसरा ऐकतो. अ‍ॅक्रनमध्ये विल्सनलाच स्मिथची गरज होती, आणि ते त्याने लपवलं नाही. आमच्या एका काकांना घरातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं समजावलं. प्रेमानं, रागानं, शपथा घालून. समजावणाऱ्यांपैकी कुणालाही काकांची अशी गरज नव्हती. त्यांच्या वाट्याला कायम ऐकून घेणंच आलं.

अर्थात सोबत म्हणजे उपचार नव्हे. फार पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. आणि नुसती आपुलकी संघटना टिकवत नाही, हे वॉशिंग्टोनियनांनी दाखवलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने १९५० मध्ये आपल्या बारा परंपरा स्वीकारल्या. बाहेरच्या वादांवर संघटनेने मत द्यायचं नाही, बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, हे त्यांत आलं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं. एक डॉक्टर, एक लेखक. दोघंही व्यसनी नव्हते. तरीही तिथून बरे झालेले कितीतरी रुग्ण पुढे तिथेच कामाला राहिले. नव्याने दाखल झालेल्या माणसाशी बोलायला असा कुणी बसला, की कालपर्यंत ऐकून घेणाऱ्यालाच सांगण्यासारखं काहीतरी असतं. माझ्या काकांना ती पाळी कधी मिळाली नाही.