बुडालेले जहाज पाहायला जावे काय?

हिवाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांना घेऊन मालवणच्या समुद्रात डुबकी मारावी आणि जमल्यास एखादे बुडालेले जहाजही पाहावे, अशी सूचना आमच्या मंडळींत निघाली, तेव्हा पहिला हिशेब झाला तो अंतराचा. महाडहून मालवण सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणजे पाण्याखालील अर्ध्या तासासाठी दोन रात्री गाडीत काढायच्या. हा व्यवहार परवडतो काय, यावर बराच वेळ चर्चा झाली. एवढ्यात पोलादपूरकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "त्या जहाजात माणसे होती का?" तोवर पैसे, वेळ आणि हवामान यांपलीकडे कोणी गेले नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

कॅरिबियन समुद्रात हा प्रश्न पर्यटकांपुढे रोज उभा असतो, कारण तेथे प्रवासी जहाजांतून एका दिवसापुरते बेटावर उतरणारे लोक फार. त्यांच्यापुढे दोन प्रकारची जहाजे असतात. केमन बेटांजवळचे 'किटिवेक' हे अमेरिकी नौदलाचे पाणबुडी-बचाव जहाज. १९८६ मध्ये 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या अपघातानंतर समुद्रतळाशी जो शोध झाला, त्यात त्याने भाग घेतला होता. सेवानिवृत्तीनंतर ते साफ करून, पाणबुड्यांना सुखाने आतबाहेर करता यावे म्हणून भोके पाडून, ५ जानेवारी २०११ रोजी जाणूनबुजून बुडवण्यात आले. त्यात कोणी मेले नाही. याउलट ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील 'ऱ्होन' ही टपाल आगबोट २९ ऑक्टोबर १८६७ च्या चक्रीवादळात सॉल्ट बेटाच्या खडकावर फुटली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी काहींना त्याच बेटावर मूठमाती मिळाली. आज दोन्ही ठिकाणी प्रवाळ आहे, मासे आहेत आणि डुबकी मारणाऱ्यांची गर्दी आहे. पाण्याखाली गेल्यावर दोहोंतला भेद डोळ्यांना कळत नाही. तो इतिहास वाचूनच कळतो.

हाच जोड आपल्या किनाऱ्यावरही आहे. नौदलाच्या सेवेतून १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गातील निवती खडकांजवळ बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. ही आपली 'किटिवेक'. आपली 'ऱ्होन' मात्र आपल्याच जिल्ह्याच्या दाराशी आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकानजीक कलंडली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे ती बुडाल्याची वार्ता मुंबईला कळायला दिवस मावळतीकडे झुकावा लागला. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत सणाला गावी निघालेले चाकरमानी होते. स्वातंत्र्य महिनाभरावर आले होते आणि त्या उत्सवाच्या गलबल्यात हे दुःख अलिबाग-पेणच्या घरांपुरतेच उरले.

पण आम्हां महाडकरांना रेवसपर्यंतही जायला नको. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. याच जलमार्गाने एके काळी गलबते महाडच्या पेठेपर्यंत येत आणि घाटमाथ्याचा माल येथून समुद्राला जाई. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महापुरात, महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यानचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल सावित्रीत कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि एक प्रवासी मोटार अंधारात त्या पोकळीत गेली. मग नौदलाचे पाणबुडे आले. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. हातांनी चाचपून शोध घ्यायचा होता, प्रवाह ओढत होता आणि नदीत मगरी होत्या. क्रेनला अवजड लोहचुंबक बांधून तळ खरवडला गेला. गाड्यांचे सांगाडे हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ लागला. काही मृतदेह तर खाडी ओलांडून समुद्रकाठी लागले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. आज त्यावरून जाताना फार थोड्या गाड्यांचा वेग कमी होतो.

ती विद्यार्थिनी तेव्हा लहान असणार. तिच्या प्रश्नामागे हा पूल होता की नाही, हे आम्ही विचारले नाही. परंतु पाण्याखाली जाणे म्हणजे मौज, ही समजूत ज्या गावात सरसकट खरी नाही, त्या गावात आम्ही शिकवतो, याची जाणीव त्या प्रश्नाने करून दिली.

मग पाण्याखाली जाऊच नये काय? तसेही नाही. डुबकीतून ज्ञान मिळते, याचा पुरावा गोव्यात आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी यांतून आफ्रिका ते चीन असा व्यापाराचा पट्टा उलगडला. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या अवशेषांत बासेल मिशनच्या कारखान्याची कौले सापडली आणि त्यांवर १८६५ चा ठसा होता. त्या ठशाने जहाजाचे नाव सांगितले नाही; पण ते १८६५ पूर्वी बुडाले नाही, एवढे निश्चित केले. मात्र त्या कौलाला अर्थ आला तो जागा मोजून, नोंदून, शेजारच्या वस्तूंशी ताडून पाहिल्यामुळे. २००१ च्या युनेस्को करारानेही असे अवशेष शक्यतो जागच्या जागी जपावेत असेच म्हटले आहे. हौशी प्रवाशाने आठवण म्हणून उचललेले कौल हे केवळ कौल उरते.

साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसेल. नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर 'वैतरणा' ही आगबोट शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. तिचे अवशेष सापडले नाहीत. डुबकी मारायला तेथे काही नाही. तरीही गुजराती लोकगीतांनी ती जिवंत ठेवली आणि झवेरचंद मेघाणींनी ती गीते संग्रहित केली. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांच्या प्रसिद्ध कवितेचे शीर्षकच समुद्र हा इतिहास आहे, असे सांगते. गुलामांच्या जहाजांनी ज्यांचे पूर्वज आणले, त्यांना स्मारके आणि दप्तरे मागण्यासाठी समुद्राखेरीज दुसरी जागा नव्हती. आमच्या 'रामदास'ला 'वीजळी'सारखे सर्वतोमुखी गीत लाभले नाही. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी ज्या पोलादपुरात आहे, तेथून थोड्या अंतरावर पडलेल्या पुलालाही ते अद्याप लाभलेले नाही. समुद्रतळाचे लोखंड गंजते. माणसे टिकायची तर ती शब्दांतच टिकतात.

एवढा विचार झाल्यावर आमचा निर्णय सोपा झाला. ज्यांना पोहता येते आणि ज्यांची प्रकृती धड आहे, त्यांनी पावसाळा सरल्यावर तारकर्लीला जावे, प्रशिक्षकाच्या हाताखाली श्वास घ्यायला शिकावे. नवशिक्यांची मर्यादा साधारणतः १२ मीटरची असते, हे ध्यानात ठेवावे. परतताना त्याच दिवशी आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठण्याचा मोह टाळावा, कारण डुबकीनंतर लगेच उंचीवर जाणे शरीराला अपायकारक ठरू शकते. विमानासाठीही एका डुबकीनंतर किमान १२ आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबण्याची शिफारस आहे. बुडवण्यासाठीच बुडवलेले जहाज जरूर पाहावे. त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही.

परंतु ज्या जहाजात माणसे होती, त्याच्याकडे जाण्यासाठी दिवसाची सहल पुरत नाही. तेथे आधी नावे वाचावी लागतात. म्हणून सहलीपूर्वीचा एक तास आम्ही रेवसच्या बोटीसाठी आणि एक तास सावित्रीच्या पुलासाठी राखून ठेवला आहे. मालवणची गाडी रात्री निघेल, ती त्याच पुलावरून. तेथे ती क्षणभर थांबवावी, असे त्या विद्यार्थिनीनेच सुचवले आहे, आणि आम्ही ते मान्य केले आहे.