कृष्णा आणि शेरीनाला

माधवनगरला नदीकाठ नाही. बुधगाव संस्थानाने व्यापारासाठी वसविलेली ही पेठ. पुढे गिरणी आली, माग आले आणि भोंग्यावर उठणारी माणसे आली. तेव्हा कामगार चळवळीत केस पिकविलेल्या माणसाने नदीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. पण ह्या साऱ्या मुलखाची तहान कृष्णेवर भागते, आणि गढूळ पाण्याचा पहिला प्याला नेहमी कामगाराच्याच चाळीत पोचतो.

१८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले व त्यांनी सांगलीस राजधानी केली. देऊळ, घाट, बाजार सारे नदीच्या आश्रयाने उभे राहिले. १९२९ साली आयर्विन पूल झाला. आजही पुराचे पाणी किती चढले हे सांगली त्या पुलावरच वाचते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेव्हा पोलिसांच्या गोळ्या चुकवीत त्यांनी ह्याच नदीच्या पुरात उड्या घेतल्या. त्याच दादांच्या समाधीजवळ शेरीनाला कृष्णेला मिळतो. इतिहास असा कधीकधी क्रूर थट्टा करतो.

शेरी म्हणजे सरकारच्या खाजगीतील शेतजमीन. नावावरून तरी हा नाला अशाच जमिनीचे पावसाळी पाणी वाहून नेणारा असावा. गाव वाढले आणि नाल्याचे गटार झाले. १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत तिची वस्ती पाच लाखांवर भरली. एवढ्या माणसांच्या मोरीचे पाणी कोठेतरी जाणारच. ते नदीत गेले की त्यातील घाण कुजविताना सूक्ष्मजंतू पाण्यातला प्राणवायू खातात, आणि माशांना श्वास उरत नाही. उन्हाळ्यात कोयनेतून सोडलेले पाणी कमी पडले की नदी डबक्यासारखी थांबते व दुखणे बळावते. मार्च १९२३ नव्हे, मार्च २०२३ ची गोष्ट : अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता.

कायदे नव्हते असे नाही. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषणाचा कायदा केला व १९७० मध्ये मंडळ स्थापिले. मध्यवर्ती कायदा त्यानंतर, १९७४ चा. शेरीनाल्याचे पाणी उपसून धुळगावकडे न्यावे, तळ्यांत मुरवून शुद्ध करावे आणि शेतीला द्यावे, ही योजनाही झाली. कल्पना मला आजही चांगली वाटते. परंतु ती वर्षानुवर्षे रेंगाळली. आणि उपशावर बेतलेल्या योजनेचे मर्म असे की, पंप थांबला की घाण पुन्हा नदीच्या पदरात.

लंडनचे उदाहरण बोलके आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटाचे सभासद हैराण झाले आणि कायदा तातडीने मंजूर झाला. बाझलगेटने प्रचंड गटारे बांधली. पण मैला फक्त शहराच्या खाली नेऊन सोडला गेला, आणि १९५७ मध्ये थेम्सचा पट्टा निर्जीव ठरला. नदी पुन्हा जगली ती मैला शुद्ध होऊ लागल्यावर. आपणही घाण खाली ढकलतो. खाली नरसोबाची वाडी आहे. उलट कलकत्त्याच्या पूर्वेकडील पाणथळीत शहराच्या सांडपाण्यावर मासे व भाजी पिकते. ध्रुवज्योती घोष यांनी ह्या जागेसाठी आयुष्य वेचले, आणि २००२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले. तेथील गणित राखणारे मासेमार कोणत्याही इंजिनियरापेक्षा कमी नाहीत.

आता माझी कबुली. नव्वदीच्या दशकात एका रंगाई कारखान्याला पाणी शुद्ध करण्याची नोटीस आली. मालकाने टाळे लावण्याची भीती घातली. मी गेटसभेत गरजलो की, नाला आधी की पोट आधी! टाळ्या पडल्या, रंगीत पाणी वाहत राहिले, आणि थोड्या वर्षांत कारखाना दुसऱ्याच कारणाने बंद पडला. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. मालकाचा खर्च वाचवायला मी कामगारांचा गळा वापरला, हे मला फार उशिरा उमगले. शुद्धीकरणाचा खर्च हा मजुरीइतकाच धंद्याचा खर्च आहे, अशी मागणी तेव्हाच करावयास हवी होती.

आणखी एक, ओतांविषयी. सांगलीची जुनी माणसे सखल, पाणी साठणाऱ्या वाटांना ओत म्हणतात. पुराचे पाणी येथे पसरे, गाळ टाकी व हळूहळू ओसरे. ते भरून प्लॉट पडले. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. २०१९ ला तर आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. शामरावनगरात साध्या पावसाचेही पाणी हटत नाही. तेथे घर घेणारा बहुधा कष्टकरीच. त्याला दोष कसा द्यावा? प्लॉट पाडणाऱ्याला आणि नकाशावर सही करणाऱ्याला मात्र द्यावा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार निवृत्त कामगार जुना नकाशा घेऊन एक ओत शोधीत हिंडलो. सापडला. त्यावर दोन मजले चढले होते, आणि जिन्याखाली घरमालकाचा मुलगा बादलीने पाणी उपसत होता. आम्ही नकाशा त्याला दाखविला. त्याने तो दोनदा वाचून घेतला आणि झेरॉक्स मागितली.